तळं १४०० मीटरवर, घाट २१०० मीटरवर

भाऊबीजेच्या पहाटे सहा वाजता फोन आला तेव्हा मी मालवणला कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये स्कूबा डाइव्हिंगच्या हवेच्या टाक्या भरत होतो. मशीन चालू असलं की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही, म्हणून ते बंद करून बाहेर आलो. पलीकडून माझी जुनी विद्यार्थिनी बोलत होती.

“सर, झोपमोड नाही ना केली? माझं डावं कोपर दुखतंय. आत, अगदी हाडाजवळ. दाबलं तर दुखत नाही, हलवलं तरी कमी-जास्त होत नाही.”

“किती वेळ झाला?”

“पंचवीस मिनिटं. गाडी चढावर आली तेव्हापासून.”

“डाइव्ह कुठे केलास?”

“तळ्यात, सर. छोटंसंच आहे. काठावरून दगड मारला तर पलीकडे जाईल एवढं.”

मी लगेच खोली विचारली, मग वेळ, मग सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना पाच मीटरवर घ्यायचा थांबा. वीस वर्षं हेच प्रश्न याच क्रमाने विचारत आलोय. तिची उत्तरं ठीक होती. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर डोक्यात उजेड पडला आणि मी विचारलं, “तू आत्ता समुद्रसपाटीपासून किती उंच आहेस?” तिला माहीत नव्हतं. शेजारी तिचा भाऊ होता, त्याने सांगितलं, “सर, सात हजार फुटांच्या वर.”

त्या दिवसाचा सगळा तपशील मी नंतर तिच्याकडून, तिच्या लॉगबुकमधून आणि पाण्याखाली खोली-वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या नोंदींतून जमवला. तिच्या परवानगीने तो इथे मांडतो आहे. नावं दिलेली नाहीत.

ती मूळची पुण्याची, वय ३४. ओपन वॉटरचा, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स माझ्याकडे मालवणला केला, त्यानंतर दोनदा अंदमानला जाऊन आली. त्या दिवसापर्यंत लॉगबुकात २६ डाइव्ह होते आणि सगळेच्या सगळे समुद्रातले. तब्येत उत्तम, पाण्यात शांत. मोठा भाऊ न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला राहतो, त्याच्याकडे ती दिवाळीला गेली होती. तिथे जाऊन आठ दिवस झाले होते. भावाच्या घरापासून साधारण १८५ किलोमीटरवर, जुन्या रूट ६६ वरच्या सांता रोझा गावात ‘ब्लू होल’ आहे हे तिने पुण्यात असतानाच शोधून ठेवलं होतं.

ही जागा खरोखरच विलक्षण आहे. आजूबाजूला रखरखीत माळ, पिवळं खुरटं गवत, आणि मधे जमिनीत उघडलेला निळा डोळा. खालचा खडक पाण्याने विरघळून जमीन खचली आणि हे तळं तयार झालं. वरून जेमतेम वीस-पंचवीस मीटर रुंद, पण आकार घंटेसारखा, तळाशी चाळीस मीटरपर्यंत पसरत गेलेला. खोली ८१ फूट, म्हणजे सुमारे २५ मीटर. तळातून मिनिटाला तीन हजार गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरांहून जास्त पाणी सतत वर येतं, त्यामुळे ते कायम स्वच्छ राहतं आणि बारा महिने तेरा काळ १६-१७ अंशांवर असतं. उन्हाळ्यात काठावरून पोरं उड्या मारतात. नगरपालिकेचा परवाना काढला की सर्टिफिकेट असलेल्या डायव्हरला उतरता येतं. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या त्या मुलखात कितीतरी लोक पाण्याखाली पहिला श्वास घेतात ते इथेच.

ती मला म्हणाली, “सर, वर बघितलं तर आकाश गोल दिसत होतं. आपल्या विहिरीतून दिसतं तसं.” तिने पाठवलेल्या व्हिडिओत ते दिसतंही. काळ्या भिंती, वर निळी थाळी, आणि बुडबुडे त्या थाळीकडे सुटलेले. मालवणच्या पाण्यात पाच-सहा मीटर दिसलं तरी आम्ही खूश होतो, तिथे तळापासून पृष्ठभाग दिसतो. मला तिचा हेवा वाटला हे मोकळेपणाने सांगतो.

या जागेच्या एकाच धोक्याबद्दल तिने वाचलं होतं. तळाशी गुहेचं तोंड आहे. १९७६ मध्ये दोन तरुण डायव्हर आत जाऊन मेले, त्यानंतर तोंडावर लोखंडी जाळी बसवली. २०१६ मध्ये गुहेचा शोध घेणाऱ्या पथकातला एक अनुभवी डायव्हरही तिथे दगावला. त्यामुळे तिने ठरवलं होतं की तळाकडे फिरकायचंच नाही, १८-१९ मीटरच्या खाली जायचं नाही. निर्णय योग्यच होता, आणि तो तिने पाळला. पण सगळी सावधगिरी त्या जाळीपाशीच खर्च झाली.

पहिला डाइव्ह

सकाळी पावणेबाराला ती स्थानिक जोडीदाराबरोबर उतरली. अंगावर दोन थरांचा ७ मिलिमीटरचा वेटसूट, डोक्यावर टोपी, हातमोजे. अंदमानात ती ३ मिलिमीटरचा सूट आणि ४ किलो शिसं घेऊन उतरायची. जाड निओप्रीन तरंगतं, म्हणून तिला इथे २० पौंड, म्हणजे ९ किलो शिसं दिलं गेलं. मात्र गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं असतं. डायव्हर आणि सामान मिळून नव्वद किलोच्या आसपास धरलं तर समुद्रापेक्षा दोन-सव्वादोन किलो शिसं कमी पुरतं. वजन तपासून बघायचं, म्हणजे रिकाम्या बीसीडीने (हवा भरून तरंगायच्या जॅकेटने) पाण्यात उभं राहून डोळ्यांपाशी पाणी येतं का ते पाहायचं, हे तिने केलं नाही. जोडीदार घाईत होता आणि तिला संकोच वाटला.

पाच मीटरच्या खाली वेटसूट दबून पातळ झाला आणि ती दगडासारखी खाली जाऊ लागली. बीसीडीत हवा भर, जरा वर गेली की सोड, पुन्हा भर. सगळा डाइव्ह तिने जवळजवळ झगडतच काढला. पाण्याखाली दाबातल्या हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो, आणि वर येताना दाब उतरला की त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. अशा श्रमाने श्वास वाढतो, रक्ताभिसरण वाढतं आणि शरीर नायट्रोजनही जास्त ओढतं.

कॉम्प्युटरने जास्तीत जास्त खोली १९ मीटर दाखवली, आणि वर निघेपर्यंत ३१ मिनिटं झाली होती. नो-डिको वेळ, म्हणजे सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल अशी मुदत, भरपूर शिल्लक आहे असंही तो दाखवत होता. तो तिने अंदमानात घेतलेला, उंचीची पातळी हाताने बदलावी लागणारा. तो समुद्रसपाटीवर आणि खाऱ्या पाण्यावरच राहिला होता.

इथे हिशेब मांडायलाच हवा, कारण प्रकरणाचं मूळ यात आहे.

मालवणला पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक अ‍ॅटमॉस्फियर असतो. तो दुप्पट व्हायला आम्हाला दहा मीटर खाली जावं लागतं. सांता रोझा सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाबच ०.८४५ अ‍ॅटमॉस्फियरच्या आसपास आहे. तो दुप्पट व्हायला त्या गोड्या पाण्यात पावणेनऊ मीटर पुरतात. शरीराला मीटर कळत नाहीत. डाइव्हमध्ये किती नायट्रोजन विरघळला आणि वर आल्यावर तो किती दाबाखाली सांभाळून ठेवायचा आहे, या दोन्हींतलं प्रमाण त्याला कळतं. वरचा दाबच कमी असेल तर तेवढाच नायट्रोजन जास्त भारी पडतो.

कॉम्प्युटर खाऱ्या पाण्यावर असल्याने त्याचे १९ मीटर म्हणजे समुद्रातल्या १९ मीटरइतका दाब. त्याला ०.८४५ ने भागलं की साडेबावीस मीटर येतात. कुठल्या खोलीवर किती मिनिटं राहता येतं ते सांगणारं टेबल वापरताना नेहमी पुढच्या खोल रकान्यात जायचं असतं. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या मेट्रिक टेबलात २० मीटरला ४५ मिनिटांची मर्यादा आहे, २२ ला ३७ आणि २५ ला २९. म्हणजे समुद्राच्या हिशेबाने तिच्याकडे अजून १४ मिनिटं होती. सांता रोझाच्या हिशेबाने ती २५ च्या रकान्यात जाते आणि दोन मिनिटांनी मर्यादेच्या पलीकडे असते.

सगळा वेळ ती १९ मीटरवर नव्हती, त्यामुळे प्रत्यक्षातला भार टेबलापेक्षा कमी. तरी ‘भरपूर शिल्लक’ ही तिची समजूत खोटी होती. उंचीवर डाइव्ह करताना ३०० मीटरच्या वर गेलं की वेगळे नियम लागतात, हे वाक्य आमच्या कोर्समध्ये आहे. मी ते तिला वाचून दाखवलं होतं आणि पुढे गेलो होतो. मालवणला कोण कशाला ३०० मीटरवर डाइव्ह करायला जातंय, असं मनात म्हणालोही असेन.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती. खालून उंचावर आलेला माणूस लगेच डाइव्ह करतो तेव्हा त्याच्या अंगात आधीच जास्तीचा नायट्रोजन असतो. ती आठ दिवस अल्बुकर्कीत, १६०० मीटरवर राहून सांता रोझाला खाली उतरली होती. सकाळचा रस्ता तिला मदतच करत होता. संध्याकाळी तोच रस्ता उलटा जायचा होता.

दुसरा डाइव्ह आणि मधली संध्याकाळ

दुसरा डाइव्ह दुपारी तीनच्या सुमाराला, १६ मीटर, ३५ मिनिटं. या वेळी शिसं दोन किलोंनी कमी केलं, तरंगणं सुधारलं. पण सूट ओला आणि हवा कोरडी. शेवटची दहा मिनिटं ती कुडकुडत होती. गारठलेल्या अंगात हातापायांचं रक्ताभिसरण आखडतं आणि तिथला नायट्रोजन बाहेर पडायला उशीर होतो. सेफ्टी स्टॉप तीन मिनिटांचा केला, तोही पाच मीटरवर, समुद्रात शिकवलेला तसाच. तीन पस्तीसला ती वर आली. मग भरलेली शिशाची पिशवी डाव्या हातात धरून दगडी पायऱ्या चढली. ही पिशवी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दादा काठावर थर्मासमधला चहा घेऊन उभा होता. तिला पुसटसं आठवत होतं की डाइव्हनंतर काहीतरी थांबायचं असतं. तिने विचारलंही, “दादा, आज इथेच राहू या का?” घरी वहिनीने दुसऱ्या दिवशीची सगळी तयारी करून ठेवली होती, दोन घरांतली माणसं जेवायला यायची होती. दादा म्हणाला, “अगं, विमानात थोडंच बसायचंय? गाडीने तर जायचंय.”

मी या वाक्यासाठी त्याला दोष देत नाही. डाइव्हनंतर विमान टाळायचं हे आम्ही शिकवतो. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास, हे आकडे विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण का टाळायचं ते त्यांच्या अंगात उतरत नाही. विमानात हवा दाबून भरलेली असली तरी आतला दाब दोन-अडीच हजार मीटर उंचीसारखा असू शकतो, म्हणून टाळायचं. ती उंची रस्त्यानेही गाठता येते.

सांता रोझाहून अल्बुकर्कीकडे जाणारा आय-४० महामार्ग सरळ चढत जातो. नव्वद किलोमीटरवर क्लाइन्स कॉर्नर्स येतं, सात हजार फुटांच्या वर, म्हणजे २१०० मीटरहून जास्त. चढ इतका लांब आणि सावकाश की गाडीत बसलेल्याला कळतच नाही. आपल्या आंबोलीसारखी वळणं नाहीत, दरड नाही, धुकं नाही. नुसता माळ. कान बसले तेवढीच खूण, आणि ती जांभई देऊन गेली. दाब ०.८४५ वरून ०.७७ पर्यंत, म्हणजे सुमारे नऊ टक्के उतरला. समुद्रकाठच्या गावातून विमानाने निघालेल्या माणसावरचा दाब पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. त्या मानाने हे थोडं, हे मान्य. पण विमानासाठी आपण अठरा तास थांबतो. ती तिथल्या वेळेने आदल्या संध्याकाळी सव्वापाचला निघाली होती, दुसऱ्या डाइव्हनंतर दोन तासही झाले नव्हते.

अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग टेबलांत याच गोष्टीसाठी स्वतंत्र टेबल आहे. डाइव्हनंतर अंगात उरलेल्या नायट्रोजनवरून तुमचा गट कोणता आणि तुम्ही किती उंच चढणार, त्यावरून किती थांबायचं ते काढायचं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा नीट उघडलं ते या फोननंतर.

फोनवरचा अर्धा तास

मला दोन गोष्टी लगेच जाणून घ्यायच्या होत्या. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, दिसण्यात फरक, लघवीला त्रास, यातलं काही आहे का? नव्हतं. मी तिला गाडीतून उतरून डोळे मिटून सरळ उभं राहायला लावलं. दादाने बोटांची पकड दोन्ही हातांनी तपासली. सारखी होती. फक्त कोपर. ती म्हणाली, “दात दुखतो ना सर, तसं.”

दादा म्हणाला, “सर, घर तासाभरावर आहे. नेऊ का?”

या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण हाच. माझं मत होतं की मागे फिरावं. अल्बुकर्कीकडे रस्ता उतरतो, पण मधे पुन्हा एक मोठा चढ आहे, तो ओलांडूनच खाली शहर लागतं. सांता रोझाकडे मात्र उतारच उतार. उंचीचं गणित स्पष्ट होतं आणि मी ते जोर देऊन सांगितलं. पण त्याच श्वासात हेही सांगितलं की माझं ऐकून गाडी हलवू नका, आधी डॅनच्या चोवीस तासांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा तो क्रमांक तिच्या लॉगबुकच्या आतल्या पानावर होता, कोर्सच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना लिहायला लावतो.

तिकडून आलेला सल्ला माझ्यापेक्षा वेगळा होता. कुठेही जाऊ नका, ९११ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ऑक्सिजन सुरू करा. वीस-पंचवीस मिनिटांत रुग्णवाहिका आली. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन चालू झाला, आणि डॉक्टरांशी बोलून तिला अल्बुकर्कीच्याच मोठ्या रुग्णालयात नेलं. मधला चढ तिने ऑक्सिजनवर पार केला.

मी उंची मोजत होतो, ते ऑक्सिजनचा विचार करत होते. त्यांचं बरोबर होतं. मागे फिरून सातशे मीटर उतरायला तिला तासभर लागला असता आणि तो सगळा तास साध्या हवेवर गेला असता. शुद्ध ऑक्सिजनवर मात्र फुप्फुसांतून नायट्रोजन पहिल्या मिनिटापासून बाहेर पडू लागतो. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही माझ्याकडून हा क्रम चुकला. तो लिहून ठेवावा म्हणूनही हा लेख लिहायला घेतला.

रुग्णालयात पोचेपर्यंत दुखणं अर्ध्यावर आलं होतं, रात्री दहापर्यंत गेलं. न्यूरॉलॉजीची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा निर्दोष. चेंबरमध्ये घालून पुन्हा दाब द्यायचा का यावर चर्चा झाली आणि तूर्त नको असं ठरलं. रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी सोडलं. परतीचं विमान पुढे ढकलायला सांगितलं, डाइव्हिंग काही आठवडे बंद. भाऊबीज दुपारी तीनला झाली. वहिनीने फोटो पाठवला. हातात निरांजनाचं ताट, मनगटावर रुग्णालयाचा पट्टा तसाच.

हे बेंड्स होतं का?

कागदावर ‘सौम्य डीकंप्रेशन सिकनेसची’, म्हणजे बेंड्सचीच, ‘शक्यता’ एवढंच लिहिलं आहे, आणि ते प्रामाणिक आहे. याची खात्री देणारी रक्ताची चाचणी नसते. शिशाची पिशवी डाव्याच हातात होती, आणि तेवढ्या वजनाच्या धक्क्याने कोपर दुखू शकतं. पण स्नायू ताणला असता तर दाबल्यावर, हलवल्यावर दुखणं वाढलं असतं. तसं नव्हतं. दुखायला लागलं ते ऐन चढावर, आणि ऑक्सिजनवर ओसरलं. माझ्या मते पारडं एकाच बाजूला झुकतं. शिवाय डायव्हरने ‘पिशवीमुळेच असेल’ असं म्हणून गप्प बसणं हाच या आजारातला नेहमीचा घात असतो. तिने पंचवीस मिनिटांत फोन केला. त्याबद्दल मला तिचा मनापासून अभिमान आहे.

तिने तिथे मुक्काम केला असता तर बहुधा यातलं काहीच झालं नसतं. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच, कारण मुक्कामाचा प्रश्न तिने विचारला होता आणि त्याचं उत्तर देता येईल असं काही मी तिला शिकवलं नव्हतं.

मग मी आपल्याच नकाशाकडे बघायला लागलो. पुणे ५६० मीटरवर. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे सांता रोझापेक्षा किंचितच खाली. आपल्या धरणांत, तलावांत बुडालेल्यांना शोधायला जी मुलं टाक्या घेऊन उतरतात, त्यांच्यातले कितीतरी ३०० मीटरच्या वरच काम करतात. आणि मालवणला सकाळी डाइव्ह करून दुपारी घाट चढणारे तर रोजचेच. आंबोली सातशे मीटरच्या घरात. पर्यटकांचा डाइव्ह सहा-आठ मीटरचा आणि थोड्या मिनिटांचा असतो, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण माझे कोर्सचे विद्यार्थी दोन दिवसांत चार डाइव्ह करतात, शेवटचे १८ मीटरपर्यंतचे, आणि सामान धुऊन झालं की गाडीत बसतात. मी स्वतः त्यांना चहा पाजून निरोप देत आलोय. ‘घाट उजेडात चढा रे,’ एवढंच सांगायचो.

आता शेवटच्या दिवशीचे डाइव्ह मी सकाळी लवकर आणि उथळ घेतो. नोंदणीच्या अर्जावर एक ओळ वाढवली आहे: परत कधी आणि कुठल्या रस्त्याने जाणार? उंचीचा धडा मी आता अर्धा दिवस घेतो आणि तिच्या कॉम्प्युटरच्या नोंदी फळ्यावर मांडतो. तिच्या लॉगबुकमध्ये तिने खोलीच्या रकान्याशेजारी पेनाने नवा रकाना आखला आहे, उंचीचा. मालवणच्या जुन्या डाइव्हपुढे तिने शून्य लिहिलंय, आणि ब्लू होलच्या त्या दोन डाइव्हपुढे १४००.

मागच्या महिन्यात कोल्हापूरचा एक मुलगा चौथा डाइव्ह संपवून बारा वाजता बॅग भरत होता. मी विचारलं, कुठल्या रस्त्याने? म्हणाला, “आंबोलीनं, सर. आत्ताच सुटतो.” त्याला फळ्यापुढे उभं केलं. तो बराच वेळ आकडे बघत राहिला, मग फोन काढून घरी कळवलं. रात्री आमच्याकडेच जेवला आणि सकाळी उन्हं आल्यावर निघाला.